सही न करणारा राजा

साताऱ्याहून मेढ्याकडे निघालं की कण्हेर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. मग वेण्णेचं खोरं अरुंद होत जातं, डोंगर जवळ येतात आणि मेढा येतं. पुढे केळघरचा घाट चढला की महाबळेश्वर. या एवढ्याशा टापूत दोन राजघराणी बुडाली. एक जावळीच्या मोऱ्यांचं, १६५६ साली. दुसरं साताऱ्याच्या छत्रपतींचं, १८३९ ते १८४९ या दहा वर्षांत. मोऱ्यांचा शेवट शिवचरित्रात एक पायरी म्हणून येतो आणि गोष्ट पुढे सरकते. साताऱ्याच्या गादीचा शेवट मात्र पडद्यावर आलाच नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ ऐतिहासिक चित्रपट काढणाऱ्या मराठी माणसाला आपल्या राज्याची अखेर कशी झाली ते पडद्यावर दाखवावंसं का वाटलं नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. परवा 'निकोलस अँड अलेक्झांड्रा' पुन्हा पाहिला आणि हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

रशियाच्या शेवटच्या झारवरचा हा १९७१ चा चित्रपट. दिग्दर्शक फ्रँकलिन शॅफनर, निर्माता सॅम स्पीगल, आधार रॉबर्ट मॅसी यांच्या १९६७ च्या ग्रंथाचा. तीन तासांहून थोडा मोठा, चित्रण बहुतेक स्पेनमध्ये. कलादिग्दर्शन आणि वेशभूषा यांची दोन ऑस्कर त्याला मिळाली, आणि पहिला अर्धा भाग पाहताना वाटतं की पैसा खरोखर त्या झुंबरांवर आणि झग्यांवरच गेला असावा. १९०५ चा रक्तरंजित रविवार, जपानबरोबरचं युद्ध, रास्पुतिन, महायुद्ध असं सगळं एकापाठोपाठ येतं आणि कुठेच मुरत नाही. टॉम बेकरचा रास्पुतिन लक्षात राहतो, पण तो चित्रपटाला आपल्याकडे ओढून नेतो.

दुसऱ्या भागात मात्र हा चित्रपट बदलतो. झारला रेल्वेच्या डब्यात पदत्यागाच्या कागदावर सही करावी लागते. घरी परतल्यावर तो बायकोपुढे कोसळतो. मग कैद, सायबेरिया, आणि शेवटी येकातेरिनबुर्गचं ते घर. दालनं लहान होत जातात, नोकर कमी होत जातात, जेवणाचं टेबल आखूड होतं. ज्या माणसाच्या हातात एवढ्या मोठ्या देशाचं भवितव्य होतं तो अंगणात लाकडं फोडण्यात सुख शोधतो. १९१८ च्या जुलैत, १६ आणि १७ तारखेच्या मधल्या रात्री, सगळ्या कुटुंबाला तळघरात आणून बसवतात आणि ती माणसं नुसती वाट पाहतात. कॅमेराही त्यांच्याबरोबर थांबतो. मायकेल जेस्टन आणि जॅनेट सुझमन यांनी त्या मिनिटांत काहीही केलेलं नाही, म्हणूनच ती मिनिटं सहन होत नाहीत. निकोलस चांगला राजा होता असं हा चित्रपट म्हणत नाही. त्याच्या हट्टाने आणि आंधळेपणाने हजारो माणसं मेली हे तो लपवत नाही. तरीही शेवटी त्या कुटुंबाकडे माणसं म्हणून पाहायला लावतो. पतनाच्या चित्रपटाने हे दोन्ही एकाच वेळी करायला हवं.

याच पतनाकडे रशियाने स्वतः वेगवेगळ्या काळात कसं पाहिलं तेही बघण्यासारखं आहे. एस्फिर शूब या बाईंनी १९२७ मध्ये जुन्या बातमीपटांच्या आणि राजघराण्याच्या चित्रफिती जोडून 'रोमानोव्ह घराण्याचं पतन' हा माहितीपट उभा केला. राजाने कौतुकाने घेतलेली स्वतःची चित्रं त्याच्याविरुद्धची साक्ष झाली. आयझेनश्टाइनच्या 'ऑक्टोबर'मध्ये राजाचा पुतळा दोर लावून खाली पाडतात. तिथे माणसाला जागाच नाही. एलेम क्लिमोव्हचा 'अगोनिया' सत्तरच्या दशकात तयार झाला आणि सोव्हिएत प्रेक्षकांना तो दिसायला १९८५ उजाडलं, कारण त्यातला झार पुरेसा दुष्ट नव्हता. आणि २००० साली ग्लेब पानफिलोव्हने याच कुटुंबाचे शेवटचे महिने अत्यंत हळुवारपणे दाखवले. एकाच घटनेची ही चार रूपं. त्यातलं प्रत्येक अपुरं आहे, पण ती चार आहेत म्हणून त्या देशाला आपल्या इतिहासाशी भांडता येतं. आपल्याकडे एकही नाही.

आपल्याकडे काय आहे ते आता बघू. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२३ मध्ये मूकपट 'सिंहगड' केला. व्ही. शांतारामांनी १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' केला आणि १९३० मध्ये 'उदयकाल'. या 'उदयकाल'चं मूळ नाव 'स्वराज्य तोरण' होतं. इंग्रजांच्या सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्द खपला नाही, म्हणून नाव बदललं. ही गोष्ट मोलाची आहे. परकी सत्ता डोक्यावर असताना शिवकाळ दाखवणं हे राजकीय धाडस होतं. पराभवाची आठवण काढायची ती वेळ नव्हती, उमेद देणं हेच काम होतं. त्या पिढीला मी दोष देणार नाही.

मग भालजी पेंढारकर. 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक', १९५२ चा 'छत्रपती शिवाजी', 'पावनखिंड', 'मोहित्यांची मंजुळा', १९६४ चा 'मराठा तितुका मेळवावा'. साताऱ्या-सांगलीकडच्या खेड्यांत ज्यांनी जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिला त्यांच्या मनातला शिवकाळ हा भालजींचा शिवकाळ आहे. मीही त्यातलाच. कनातीला पाठ टेकून, खाली पोतं अंथरून पाहिलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या घोड्यांनी मला इतिहासाची गोडी लावली, शाळेच्या पुस्तकाने नव्हे. भालजींची माणसं साधी, ताठ आणि आपल्या मातीची होती. त्यांच्या चित्रपटांत गडावरची बाई जात्यावर बसलेली दिसते, फक्त औक्षणाचं तबक घेऊन उभी राहत नाही. पण त्यांनीही सूर्य नेहमी चढताना दाखवला.

अपवाद सांगायचा तर एकच नाव आधी येतं, प्रभातचा १९४४ चा 'रामशास्त्री'. नारायणरावाचा खून, राघोबादादांवरचा ठपका, 'देहान्त प्रायश्चित्त' सांगणारा न्यायाधीश. सत्ता आतून कशी कुजते, घरातलाच माणूस घराला कसा आग लावतो, हे या चित्रपटाने ज्या निर्भीडपणे दाखवलं ते पुन्हा क्वचितच जमलं. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री तलवार उपसत नाही. तो वाक्य उच्चारतो आणि निघून जातो. आपला सर्वांत थरारक ऐतिहासिक प्रसंग एका न्यायनिवाड्याचा आहे, लढाईचा नाही, हे आपल्या निर्मात्यांनी ध्यानात ठेवायला हवं होतं.

नाटकाला हे आधीपासून ठाऊक होतं. विनायक जनार्दन कीर्तने यांचं १८६१ चं 'थोरले माधवराव पेशवे' हे पहिलं स्वतंत्र ऐतिहासिक मराठी नाटक मृत्यूकडेच जातं. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' नावातच सगळं सांगतं. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये छत्रपतींच्या घरातली फट रंगमंचावर उघडी पडते आणि प्रेक्षक रागावत नाही, रडतो. कादंबरीही मागे राहिली नाही. ना. सं. इनामदारांनी 'मंत्रावेगळा'त दुसऱ्या बाजीरावाला, सगळ्यांनी शिव्या घातलेल्या त्या माणसाला, समजून घ्यायचा प्रयत्न केला. म्हणजे मराठी मनाला ऱ्हासाची गोष्ट पेलत नाही असं अजिबात नाही. पेलत नाही ती पडद्याला.

गेल्या दहा वर्षांतली लाट सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. दिग्पाल लांजेकरांचे 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार'. प्रवीण तरडे यांचा 'सरसेनापती हंबीरराव'. हिंदीत 'तान्हाजी', आणि २०२५ मध्ये 'छावा'. यातल्या काही चित्रपटांची मेहनत मला मनापासून आवडली. 'पावनखिंड' पाहताना बाहेरगावहून ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आलेली माणसं थिएटरात घोषणा देत होती, तो आनंद खोटा नव्हता. पण एकामागून एक पाहिले की साचा दिसू लागतो. कट, मोहीम, गनिमाची फजिती, घाव, शेवटी जय किंवा बलिदान. बलिदान हाही इथे जयच असतो. मरणारा हरत नाही, कारण मागे ढोल वाजत असतो. 'छावा'चा शेवट क्रूर आहे, पण तोही प्रेक्षकाला मान ताठ करून बाहेर पाठवतो. मान खाली घालून, विचारात पडून बाहेर पडावं असा शेवट या साच्यात बसत नाही. आणि राज्यं बहुधा तशीच जातात. कागदावर, अर्जात, साक्षीदारांच्या जबानीत, कचेरीतल्या शाईत.

आता साताऱ्याची गोष्ट.

१८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. पेशव्याच्या लष्कराबरोबर असलेले छत्रपती प्रतापसिंह त्यांच्या आईसह आणि भावांसह इंग्रजांच्या हाती आले. प्रतापसिंह तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि १८०८ पासून नावाचे छत्रपती, प्रत्यक्षात पेशव्यांचे बंदी. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने हिशेब केला: पेशवाई बुडवताना मराठ्यांच्या मनातला छत्रपती आपल्या बाजूला असलेला बरा. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. त्या तहात एक कलम होतं, की ईस्ट इंडिया कंपनीला विचारल्याशिवाय राजाने बाहेरच्या कुणाशी पत्रव्यवहार करू नये. पुढची सगळी शोकांतिका या एका कलमात गुंडाळलेली आहे.

पहिला कारभारी म्हणून आला तो कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफ. १८२२ मध्ये कारभार राजाच्या हाती आला आणि प्रतापसिंहांनी तो मनापासून केला. शाळा काढल्या, छापखान्यात आणि पुस्तकांत रस घेतला, रस्ते केले, राजवाडा बांधला. महाबळेश्वरच्या डोंगरावर गोऱ्या लोकांना थंड हवा सापडली तेव्हा ती जागा त्यांनीच कंपनीला दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा घेतलं. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या नावाने तिथे माल्कमपेठ वसली. आज मेढ्यावरून घाट चढून जाणारे पर्यटक ज्या लॉडविक पॉइंटवर फोटो काढतात तो ज्याच्या नावाचा आहे, तो पीटर लॉडविक पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला. चौकशीत तो आधी राजाच्या विरुद्ध बाजूला बसला, आणि नंतर पदावरून दूर झाल्यावर लंडनमध्ये त्याच राजाच्या बाजूने उभा राहिला. पटकथा लिहिणाऱ्याला असं पात्र आयुष्यात एकदाच मिळतं.

भांडणाचं मूळ होतं जहागिरींत. अक्कलकोट, फलटण, भोर, जत, औंध. हे जहागीरदार राजाचे की कंपनीचे? राजाचं म्हणणं होतं की तहाने ते माझे आहेत. लंडनच्या डायरेक्टरांचं मतही त्याच्याकडे झुकलं होतं, पण मुंबई सरकारने तो निकाल राजापर्यंत पोचू दिला नाही. राजा सतत विचारत राहिला, आणि सतत विचारणारा राजा नकोसा होतो. मग आरोप उभे राहिले. एक, २३ व्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवलं. दोन, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधलं. तीन, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. १८३६ च्या ऑक्टोबरात लॉडविक, ओव्हान्स आणि विलोबी या तिघांची गुप्त चौकशी बसली. राजाला ना आरोपांच्या नकला मिळाल्या, ना साक्षीदारांना विचारायची संधी. आणि हे जाळं विणणाऱ्यांत आपली माणसं होती. बाळाजीपंत नातू हे नाव साताऱ्यात आजही लोक कोणत्या सुरात घेतात ते मी ऐकलं आहे. राजाचा सख्खा भाऊ आप्पासाहेब ओव्हान्सच्या बाजूला गेला.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याच्याकडे तोडगा होता आणि तो वरवर अगदी उदार होता: तहाचा भंग झाला हे मान्य करणाऱ्या कागदावर सही करा, मागचं सगळं माफ, गादी तुमचीच. भेटी झाल्या. मनधरणी झाली. प्रतापसिंहांनी सही केली नाही. जो गुन्हा केला नाही तो कबूल करून गादी राखायची नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत ढळली नाही.

निकोलसने सही केली आणि राज्य गेलं. प्रतापसिंहांनी सही केली नाही म्हणून राज्य गेलं. मला तरी यापेक्षा मोठं नाट्य मराठी इतिहासात दुसरं दिसत नाही. इथे घोडदळ नको, तोफा नकोत. एक दालन, एक कागद, एक दौत, दोन माणसं आणि मध्ये दुभाषी.

५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे ओव्हान्स फौज घेऊन वाड्यावर आला. प्रतिकार झाला नाही. राजाला पालखीत बसवून आधी लिंबला नेलं. आज लोक लिंबला बारा मोटांची विहीर बघायला जातात. छत्रपतींच्या कैदेचा पहिला मुक्काम याच गावात पडला हे त्यांतल्या किती जणांना कुणी सांगितलेलं असतं? तिथून काशी. त्या लांबच्या वाटेवर सेनापती बाळासाहेब भोसले वारले. राजाची साथ सोडायची नाही म्हणून तेही निघाले होते. त्यांच्याच मुलाला पुढे प्रतापसिंहांनी दत्तक घेतलं.

गोष्टीचा दुसरा धागा लंडनमध्ये आहे. राजाचे वकील म्हणून यशवंतराव शिर्के, भगवंतराव विठ्ठल आणि रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभूंच्या वंशातले. चौदा वर्षांच्या आसपास ते तिथे राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीच्या भागधारकांच्या सभा भरत. तिथे आणि पार्लमेंटपुढे साताऱ्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा निघत राहिला. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. पैसे संपले, सोबती परतले, १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीत धनीच वारला, तरी हा माणूस अर्ज लिहीत राहिला. धुक्यातल्या त्या शहरात पागोटं बांधून रोज कचेरीच्या पायऱ्या चढणारा मावळातला एक कारकुनी घरातला माणूस. सिनेमाला चेहरा हवा असतो. हा घ्या.

इकडे प्रतापसिंहांच्या जागी त्यांचे भाऊ आप्पासाहेब गादीवर होते. त्यांना नुसता खलनायक करणं सोपं, पण ते खोटं होईल. त्यांनी वेण्णेवर आणि कृष्णेवर पूल बांधले, नवा राजवाडा उभारला. त्यांनाही मुलगा राहिला नाही. ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारले, त्याआधी काही तास त्यांनी दत्तक घेतला. रोमानोव्हांच्या घरात सगळं एका आजारी युवराजाच्या न थांबणाऱ्या रक्तावर लटकलं होतं. साताऱ्यात ते न झालेल्या मुलावर लटकलं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने दत्तक मान्य करावा असं लिहिलं. गव्हर्नर-जनरल डलहौसीने ते बाजूला सारलं. १८४९ च्या जानेवारीत लंडनच्या डायरेक्टरांनी मान्यता दिली. दत्तक नामंजूर करून राज्यं खालसा करण्याच्या त्या धोरणातलं सातारा हे पहिलं. मग नागपूर गेलं, झाशी गेली.

आणि १८५७. रंगो बापूजी परतले होते. साताऱ्यात उठावाची तयारी पकडली गेली. ऑगस्टमध्ये राण्यांना आणि दत्तकपुत्रांना उचलून मुंबईजवळच्या बेटावर आणि पुढे कराचीला नेलं. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं: पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्यांनी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः कुणाच्याच हाती लागले नाहीत. ते कुठे गेले, कुठे वारले, याचा माग लागत नाही.

प्रबोधनकार ठाकरे यांनी या विषयासाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं दिली. 'हिंदवी स्वराज्याचा खून' आणि नंतर 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' हा मोठा ग्रंथ. त्यांची भाषा आगीसारखी आहे आणि काही ठिकाणी त्यांचा राग पुराव्याच्या पुढे धावतो, विशेषतः जातीच्या प्रश्नावर. पण विषय जिवंत त्यांनी ठेवला. मेजर बामनदास बसूंनी १९२२ मध्ये साताऱ्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याखेरीज ब्रिटिश पार्लमेंटने छापलेली कागदपत्रं आहेत, हजारो पानांची. म्हणजे साधनं नाहीत असं कुणाला म्हणता येणार नाही.

मग अडतं कुठे? मला तीन जागा दिसतात, आणि त्यांतली एकही पैशाची नाही. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये 'शतरंज के खिलाड़ी'त अवधचं राज्य जाताना दाखवलं. एकही लढाई नाही. कवी असलेला राजा, रेसिडेंट आउट्राम, एक मुकुट आणि तो डोक्यावरून उतरवणारा हात. वाजिद अली शाहही तहावर सही करत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला रेखाचित्रांतून डलहौसी चेरी खाव्यात तशी राज्यं खाताना दिसतो. अवध ही नंतरची चेरी. सुरुवात आमच्याकडून झाली होती. हा चित्रपट एका बंगाली दिग्दर्शकाने हिंदी-उर्दूत केला. साताऱ्यावर असा चित्रपट करायला मराठीत ताकद नव्हती असं मी मानत नाही.

पहिली खरी अडचण नायकाची आहे. आपल्याला छत्रपती या शब्दाबरोबर तलवार ऐकू येते. अर्ज लिहिणारा, न्याय मागणारा, पालखीत बसून निघून जाणारा छत्रपती दाखवला तर लोक 'हा लढला का नाही' असं विचारतील अशी निर्मात्याला भीती वाटते. पण हाच प्रश्न त्या चित्रपटाचा गाभा असायला हवा. लढला असता तर साताऱ्याची पेठ बेचिराख झाली असती. तो लढला, पण कायद्याच्या भाषेत, शत्रूच्याच कायद्याला साक्षी ठेवून. पुढच्या शतकात या देशाने जी लढाई लढली तिची चाहूल इथे लागते.

दुसरी अडचण घरभेद्यांची. गोष्ट खरी सांगायची तर खलपुरुष परकेच असून भागत नाही. भाऊ, कारभारी, जहागीरदार, साक्षी देणारे सगळे आपले. आणि आज प्रत्येक आडनावाला वंशज आहेत. 'छावा'त गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवलं म्हणून शिर्के घराण्यातल्या लोकांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याआधी महाराज लेझीम खेळताना दाखवल्याचा प्रसंग काढून टाकावा लागला होता. वंशजांचं दुःख मी हलकं मानत नाही. हॉलिवूडच्या १९३२ च्या 'रास्पुतिन अँड द एम्प्रेस'वर युसुपोव्ह घराण्यातल्या राजकन्येने लंडनमध्ये खटला भरून तो जिंकला होता. 'यातील सर्व पात्रं काल्पनिक' ही पाटी चित्रपटांत रुळली ती त्या खटल्यानंतर. पण शिर्क्यांच्याच उदाहरणात उत्तरही आहे. सतराव्या शतकातल्या ज्या घराण्यावर फितुरीचा ठपका, त्याच आडनावाचा एक माणूस एकोणिसाव्या शतकात छत्रपतींसाठी समुद्र ओलांडून गेला. ही दुसरी गोष्ट दाखवा. मग पहिलीचं ओझं एका आडनावावर राहणार नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत खरी वाटते. राजघराणं बुडालं म्हणून रडायचं तरी का? हा आमच्या सातारा-सांगलीचा रास्त प्रश्न आहे. इथेच १९४३ नंतर प्रतिसरकार चाललं. इथल्याच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. त्यांच्या लेखी झारचं जाणं ही पहाट होती, शोक करायची गोष्ट नव्हती. वारणेकाठच्या दलित वस्तीत जन्मलेल्या माणसाने राजवाड्याच्या पडक्या भिंतीकडे हळहळून पाहावं अशी अपेक्षा करणं अन्याय होईल. म्हणून साताऱ्याच्या चित्रपटात राजवाड्याबाहेरचा माणूस हवाच. ज्या पलटणीतल्या अंमलदारांच्या नावावर कारस्थान रचलं ते कोण होते? राजा गेल्यावर मेढ्याच्या, कुडाळच्या कुणब्याच्या साऱ्यात काय फरक पडला? गेंडामाळावर मेलेल्या सतरांत साधी माणसं किती होती? 'निकोलस अँड अलेक्झांड्रा' इथेच कमी पडतो. त्यात रशियन शेतकरी गर्दी म्हणून येतो आणि गर्दी म्हणूनच जातो. आपण ती चूक टाळू शकतो.

मोऱ्यांनाही हेच लागू आहे. जावळी गाव प्रतापगडाच्या पायथ्याशी, आणि तालुक्याचं ठिकाण मेढा, पण नाव अजून मोऱ्यांच्या त्या राज्याचंच चालतं. १६५६ च्या जानेवारीत जावळी पडली, मे महिन्यात रायरी, आणि त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी प्रतापगडाचं काम हाती घेतलं. स्वराज्यासाठी ते आवश्यक होतं असंच मी मानतो. तरीही 'चंद्रराव' हा किताब पिढ्यान्‌पिढ्या मिरवणाऱ्या घरात त्या थंडीत काय घडलं असेल, हे एखाद्या प्रसंगात, चार मिनिटांत, दाखवायला शिवभक्ताला अडचण का वाटावी? जिंकणाऱ्याचं मोठेपण हरणाऱ्याचा चेहरा पुसून वाढत नाही.

चित्रणाच्या जागा शोधायला स्पेनला जावं लागणार नाही. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथे 'स्वदेस'पासून कितीतरी चित्रपटांचं चित्रण झालं. साताऱ्यात राजवाडे उभे आहेत, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंतींचं हुतात्मा स्मारक आहे. जुन्या राजवाड्यात प्रतापसिंह हायस्कूल भरत आलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव साताऱ्याच्या या सरकारी शाळेत पहिल्या इयत्तेत दाखल झालं. शाळा काढण्यासाठी धडपडलेल्या आणि मग वाड्यातून पहाटे उचलून नेलेल्या राजाचं नाव त्या शाळेला आहे. शाळेच्या नोंदवहीतली त्या मुलाची सही आजही जपून ठेवलेली आहे. चित्रपटाची शेवटची चौकट मला तिथे दिसते: पोरं दप्तरं घेऊन वाड्याच्या दरवाज्यातून आत जाताहेत, आणि शिपाई घंटा वाजवतो आहे.